चौलकरांची गॅरंटी

चौलकरांना तोंडी काही चालत नसे. पनवेलला टपाल नाक्याजवळ विजेच्या वस्तूंचं एक दुकान होतं, तिथे नव्वदच्या दशकात मी बिलाच्या काउंटरला होते आणि चौलकर विक्रीच्या. नोकरी लागून दोन आठवडे झाले होते. मला माहेरी जायचं होतं, म्हणून संध्याकाळी निघता निघता मी म्हटलं, "काका, सोमवारी मी येणार नाही हं." ते फडक्याने मिक्सरचं भांडं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "लिहून दे." मला वाटलं, थट्टा करतायत. मंगळवारी कामावर आले तर हे गृहस्थ विचारतात, "काल कुठे होतीस?" "अहो, सांगितलं नव्हतं का?" "कुठे सांगितलंस? दाखव." अशी संतापले म्हणून सांगू! पण त्यांच्या चेहऱ्यावर खोडसाळपणाचा मागमूस नव्हता. त्यांना खरोखरच कागद हवा होता.

शेजारच्या चहावाल्याने एकदा वैतागून 'चौलकर – साखर कमी' असं खडूने आपल्या फळीवर लिहून ठेवलं. आम्ही सगळे हसलो. चौलकर रोज येता-जाता ती फळी समाधानाने वाचायचे. भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण त्याच्या बापाने रस्त्यात भेटून केलं, तर हे लग्नाला गेले नाहीत. "पत्रिका कुठे होती?" म्हणाले. त्यावरून बहीण वर्षभर बोलत नव्हती. तो अबोला मात्र कागदाशिवायही त्यांना कळला.

उंचीने बेताचे, अंगाने काटक, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. खिशाला लोक पेन लावतात तसा त्यांच्या खिशाला टेस्टर. दुकान शेठचं होतं, पण शेठ आतल्या टेबलाशी फोनवर असायचे. गिऱ्हाइकाला दुकान म्हणजे चौलकरच. वस्तू विकण्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. 'हा घ्या, हा चांगला' असं एका वाक्यात ते काम संपवत. त्यांचा खरा जीव होता तो नंतरच्या कामात. खोक्यातून वॉरंटीचं कार्ड काढायचं, वस्तूचा नंबर त्यावर लिहायचा, शिक्का मारायचा, मग गिऱ्हाइकाला समोर बसवून ते इंग्रजी कार्ड बोट ठेवून ओळीओळीने मराठीत वाचून दाखवायचं. अगदी बारीक अक्षरातलंसुद्धा.

"गॅरंटी म्हणजे बदलून देणार. वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार. तुमच्या कार्डात दोन्ही आहे, पण अटी आहेत. ऐका."

लोकांना ऐकायचं नसायचं. कोणाची एस.टी. निघालेली, कोणाचं पोर रडतंय. एकदा मुलीकडची मंडळी रुखवतात ठेवायला मिक्सर न्यायला आली होती. टेम्पो बाहेर चालू, मुलीचा मामा घामाघूम, आणि चौलकर पाचव्या अटीवर. शेठ आतून ओरडले, "अहो चौलकर, मुहूर्त टळेल!" चौलकर म्हणाले, "मुहूर्त एक दिवसाचा आहे शेठ, मिक्सर वर्षभर वापरायचाय." आणि सहावी अट सुरू केली. मला ते सुरुवातीला डोक्यातच जायचे. माझ्याकडे बिलासाठी रांग लागायची आणि शिव्या मी खायची.

विकलेल्या प्रत्येक वस्तूचा नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, गाव हे त्यांच्या एका लांब वहीत असे. दुकानाची नव्हे, त्यांची स्वतःची वही. कशाला ही हमाली, असं विचारलं तर म्हणायचे, "पुढे कोणी विचारलं तर?" कोण विचारणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा पंखा पंधरा दिवसांत बंद पडला. त्या वेळी कंपनीचा माणूस योगायोगाने दुकानात होता. "दहा दिवसांत होऊन जाईल," असं तो हसत हसत म्हणाला. चौलकरांनी कागद पुढे सरकवला. "तेवढं लिहून द्या." "अहो, माझ्या शब्दावर विश्वास नाही का?" "तुमच्या शब्दावर आहे. तुमची बदली झाली तर?" त्या माणसाने शेवटी लिहून दिलं आणि पंखा नवव्या दिवशी आला. तो कामगार रात्रपाळी करून थेट दुकानात पेढे घेऊन आला. चौलकरांनी पेढा घेतला नाही. पंखा चालू करून दाखवला आणि म्हणाले, "मी काही केलं नाही, तुमच्या कार्डात होतं."

पण ते नुसते गिऱ्हाइकाच्या बाजूचे होते असं कोणी समजू नये. चांगल्या घरातल्या एक बाई जळलेला मिक्सर घेऊन आल्या. "नुसती चटणी केली हो, आणि धूर आला," म्हणाल्या. चौलकरांनी भांडं नाकाशी नेलं, झाकणाच्या रबराखालून बोट फिरवलं आणि बोट बाईंसमोर धरलं. "हळकुंडं दळलीत. कार्डात तिसरी अट आहे, मी वाचून दाखवली होती." बाई लालबुंद झाल्या. दुकानभर त्या बोटाची वाहवा झाली. खोटं धरण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, असं शेठ सगळ्यांना सांगत. मला वाटतं, चौलकरांनाही त्या बोटाचा जरा अभिमान झाला होता. पुढचं सगळं त्या अभिमानातून झालं, असं मी आज म्हणते. तेव्हा मीही टाळ्याच वाजवल्या होत्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्याकडे कॉर्डलेस फोन आले. लाइन टेलिफोन खात्याचीच, पण फोन बाजारातून आणलेला. रिसीव्हरला वायर नाही, उचलून घरभर कुठेही न्यावा. तेव्हा त्याची फार नवलाई होती. उलव्याच्या कमळाबाई घरत एक दिवस तो घ्यायला आल्या. साठीच्या आसपासच्या, नऊवारी, पायात चांदीचे तोडे, गुडघे गेलेले. आयुष्य मिठागरात गेलेलं. एकुलता एक मुलगा सुरेश जहाजावर होता.

"माजे पोराचा फोन येतो दोन-तीन म्हयन्यांनी," त्या सांगत होत्या. "मी मागीलदारी असते. घंटी वाजली की पळते, पन हे पाय पळून देत नाय. ओटीवर येईसवर बंद होतो. मंग पुन्ना दोन-तीन म्हयने. कंच्या बंदरान असतो तो, आमाला काय ठाव! हा बिनवायरीचा कमरेला खोचला की झाला."

चौलकरांनी कार्ड वाचून दाखवलं. कमळाबाईंनी ते सगळं, सगळं म्हणजे सगळं, मान डोलावत ऐकलं. इतकं नीट ऐकणारं गिऱ्हाईक आमच्या दुकानात दुसरं पाहिलं नाही. चौलकर इतके खूश झाले की त्यांना चहा पाजला.

महिन्याभरात बाई परत आल्या. फोन आधी घरघरायला लागला, मग मेला. चौलकरांनी फोन उलटा केला, ऐकायच्या बारीक भोकांकडे निरखून पाहिलं आणि तेच बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"हे काय?"

"कुंकू. नवीन वस्तू घरान आली, तं पूजा नको का करायला? हलद-कुंकू लावला, अक्षता टाकल्या."

"ओलं होतं?"

"कुंकू काय सुका लावतात?"

"मग कंपनी काही देणार नाही," चौलकर म्हणाले. "आत पाणी गेलं तर वॉरंटी संपते. आठवी अट."

फोन तरीही त्यांनी रीतसर मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवला. उत्तर आलं: आत ओल गेलेली आहे, दोष ग्राहकाचा, दुरुस्ती होणार नाही, वॉरंटी रद्द. सोबत एक छापील कागद होता. निर्णय मान्य आहे, वस्तू परत नको, तक्रार नाही, असं त्यावर ग्राहकाने सही करायची. मेलेला फोन परत नेऊन काय करणार, असं चौलकरांनीच समजावलं. बाईंना सही येत नव्हती. चौलकरांनी शाईचं पॅड पुढे केलं, त्यांचा अंगठा धरला आणि कागदावर उमटवला. मी समोर होते.

कमळाबाई पदराला अंगठा पुसत म्हणाल्या, "म्हंजे माजेच हातान मेला म्हना."

"तसंच आहे," चौलकर म्हणाले. बोलणं कठोर नव्हतं, नुसतं कार्ड वाचल्यासारखं होतं.  बाई मला हळूच म्हणाल्या, "पोर पान्यावर हाय, आनि मी पूजा केली तो फोन मेला. बरा लक्षन नाय ना ताई हा?" मी म्हटलं, अहो तसं काही नसतं. पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

त्याच सुमारास लाइन आळीतले मुकादम चाचा त्याच कंपनीचा कॉर्डलेस घेऊन गेले होते. गोदीतून निवृत्त झालेला माणूस, बायको अंथरुणाला खिळलेली. तिला उशाशी फोन मिळावा म्हणून घेतला. त्यांचाही बिघडला. चौलकरांनी उलटासुलटा पाहिला, कुठे डाग नाही, ओल नाही. सेंटरकडे गेला आणि ठरल्याप्रमाणे बदलून दुसरा आला, खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर नवीन चिकटपट्टी. चाचा दुवा देत घेऊन गेले.

आठवड्याने चाचा पुन्हा दारात. "चौलकरभाई, खुदा के वास्ते हे उघडा. चालतो चांगला, पण हलवला की आत काहीतरी खुळखुळतंय. बीबी बोलती है, कंपनीने अंदर कंकर डाला है."

चौलकरांनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि फोन काचेच्या काउंटरवर हलकेच झटकला. टप्. एक तांदळाचा दाणा पडला. लाल. भोकांच्या आतल्या बाजूलाही लाल कड होती, बाहेरून पुसलेली, आत राहिलेली.

काउंटरभोवती आम्ही तिघं त्या दाण्याकडे बघत होतो. चाचांनी आधी हसून घेतलं. "चौलकरभाई, आमच्या घरात तांदूळ शिजवतात. फोनमध्ये नाय टाकत." मग हसू थांबवून म्हणाले, "ही तर तुमच्याकडची अक्षता. म्हणजे हा फोन कुणाचा तरी वापरलेला आहे. नवा म्हणून मला दिला?"

 बॅटरीच्या खोबणीत एक बारीक छापील नंबर असतो, तो चौलकरांनी भिंगाने पाहिला. बाहेरचं लेबल नवं होतं, आतला नंबर जुनाच. त्यांनी वही काढली, पानं उलटली. मला बोट ठेवून दाखवलं. घरत कमळाबाई, मु. उलवे.

दुरुस्त होणार नाही म्हणून ठेवून घेतलेला फोन कंपनीने दुरुस्त केला, पुसला आणि नवा म्हणून दुसऱ्याला दिला. बरं, पनवेलहून गेलेला पनवेललाच परत! अहो, लबाडी करायची तर निदान नागपूरला तरी पाठवायचा. तेवढेही कष्ट घेतले नव्हते मेल्यांनी.

मी हे बोलून मोकळी झाले, पण चौलकरांचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांनी चाचांना विचारलं, "तुमचा पहिला फोन कसा बंद पडला होता?"

"बोललो ना तेव्हा. पहिले घरघर, मग बंद."

"कुठे पाणी? पूजा?"

"चौलकरभाई!"

चौलकर स्टुलावर बसले. उभे राहून काम करणारा माणूस. दिवसा बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "शुभा," म्हणाले, "दोन्ही फोन एकाच रोगाने गेले. एकाला कुंकू होतं, एकाला नव्हतं. रोग फोनातच होता." मग म्हणाले, "मी तिचा अंगठा धरला."

त्या दुपारी त्यांनी कार्ड काढून पुन्हा वाचलं. स्वतःशीच. आणि मला बोलावून एक ओळ दाखवली. सदोष वस्तू बदलून मिळेल, असं तिथे होतं. नवीन मिळेल, असं कुठेच नव्हतं. किती वर्षं मोठ्याने वाचलं, किती लोकांना वाचून दाखवलं, आणि नसलेला शब्द त्यांना दिसला नव्हता.

कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तरादाखल कंपनीने त्या अंगठ्याच्या कागदाची प्रत पाठवली: ग्राहकाची तक्रार नाही. चाचांना लिहिलं की वस्तू तपासून दिलेली आहे, आणि वॉरंटीसुद्धा पहिल्या फोनचे उरलेत तेवढेच दिवस. आता उरला अलिबागचा ग्राहक मंच. पण तिथे कंपनीबरोबर दुकानाचंही नाव येणार. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चौलकरांना आत बोलावून अक्षरशः हात जोडले. "चौलकर, कंपनी एजन्सी काढून घेईल. चाचांना मी माझ्याकडचा नवा फोन देतो. त्या बाईंनाही देतो. पण अलिबागला जाऊन साक्ष द्यायची असेल, तर मग पुन्हा काउंटरला उभे राहू नका."

निवृत्तीला दोन वर्षं होती. मुलगी कॉलेजात होती. ते बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, शेठ फोन देतायत ना! घ्या की. सगळ्यांचं भलं होतं." मला खरंच तसं वाटत होतं. ते म्हणाले, "आधी तिला विचारू. तू चल. मला बोलायला जमायचं नाही."

गव्हाण फाट्याला उतरून टमटमने आम्ही उलव्याला गेलो. कमळाबाई ओटीवर बाजेवर बसल्या होत्या. शेजारी जुना वायरचा फोन, त्यावर क्रोशाचं झाकण. मागीलदारी पडवळाचा मांडव वाळून गेलेला दिसत होता.

"तवापासून हितंच हाय," त्या म्हणाल्या. "उठून गेले नि घंटी वाजली तं? भाजीपाला सोडला, लेकीकडं बारशाला नाय गेले. पोराचा फोन एकदा आला, बरा हाय बोलला."

चौलकर उभेच राहिले. जमणार नाही म्हणाले होते, पण मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. फोन मुळातच खराब होता. कुंकवाने काही झालं नव्हतं. तुमचा दोष नव्हता, मी तो तुमच्यावर टाकला. मग शेठ फोन द्यायला तयार आहेत तेही सांगितलं.

मला वाटलं, बाई रडतील किंवा हात जोडतील. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या आणि चौलकरांच्या तोंडासमोर अंगठा धरला.

"चार म्हयने मी देवाम्होरं उभी ऱ्हायले नाय नीट. वाटायचा, माजा हातच वंगाळ. पोराचे नावानं दिवा लावायला भ्याले. आनि तुमी आता सांगताव? फोन नको मना शेठचा. माजा अंगठा परत द्या. त्या कागदावर मी बोललेय की चूक माजी हाय. तो कागद खोटा करा."

 दुसऱ्या दिवशी शेठच्या टेबलावर चौलकरांनी एक कागद ठेवला. राजीनामा. लिहून.

कमळाबाईंनी आणि चाचांनी तक्रार केली. अलिबागला ग्राहक मंचाच्या खोलीत पंखा संथ फिरत होता. कंपनीच्या वकिलाने अंगठ्याचा कागद वर धरला. "बाईंनी मान्य केलेलं आहे. आणि हे साक्षीदार तर दुकानाचेच माणूस. नोकरी गेली म्हणून मालकावर डूख धरून बोलतायत."

"नोकरी गेली नाही, मी सोडली," चौलकर म्हणाले. "तारीख बघा." मग त्यांनी वही उघडली, तो दाणा कागदाच्या पुडीतून काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही फोन कसे एकाच खोडीने गेले ते सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "मग या बाईंचा अंगठा कोणी घेतला?"

"मी, साहेब. कागद वाचून दाखवला, पण चुकीचं समजावलं. त्या माझ्यावर विसंबल्या. त्यांचा त्या कागदाशी संबंध नाही, तो माझा कागद आहे."

मी मागच्या बाकावर होते. मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही. कमळाबाई मात्र समोर बघत ताठ बसल्या होत्या. मुकादम चाचा वकिलाकडे वळून म्हणाले, "साहेब, कुंकू नवऱ्या मुलीला लावतात. तिलाच पुसून दुसऱ्याच्या घरात नवी म्हणून पाठवत नाहीत." अध्यक्षांनी त्यांना गप्प बसवलं, पण स्वतः हसले.

निकाल लागायला आणखी चार-पाच तारखा गेल्या. दोघांनाही कारखान्यातून आलेला नवा फोन, आणि दोघांच्याही फोनला त्या दिवसापासून पूर्ण एक वर्षाची वॉरंटी. कारण पहिली वस्तू मुळातच सदोष होती आणि चाचांना दिलेली दुसरी ही बदली नव्हेच, असं लिहून आलं. बाईंचा अंगठा त्यांच्यावर बंधनकारक नाही, असंही स्पष्ट होतं. चौलकरांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. तोवर ते कर्नाळ्याच्या बाजूला एका गोदामात हजेरी लिहायच्या कामाला लागले होते.

नवा फोन द्यायला मी त्यांच्याबरोबर उलव्याला गेले. चौलकरांनी निकालाची प्रत बाईंच्या हातात दिली आणि ती ओळ मराठीत सांगितली. बाईंनी कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला. मग चौलकरांनी फोन लावून दिला, घंटी वाजवून पाहिली, रिसीव्हर घेऊन मागीलदारापर्यंत चालत गेले आणि तिथून "ऐकू येतंय, ऐकू येतंय" म्हणून ओरडले. इतका आनंदी माणूस! आले आणि बाईंना म्हणाले, "आता पूजा करा."

"नको," कमळाबाई म्हणाल्या.

"अहो, करा! कुंकवाने काही होत नाही. कोर्टाने लिहून दिलंय."

"कळला मना दादा. कागद बरोबर हाय. पन माजा हात धजत नाय."

 चौलकरांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. बाईंनी ते पाहिलं. उठल्या, करंडा आणला, फोनकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यात पडलेलं रिकामं खोकं ओढलं आणि त्याच्या पुठ्ठ्यावर करंगळीने एक बारीक ठिपका लावला.  "घ्या, झाली पूजा," म्हणाल्या. "चला, च्या घ्या."

ती पूजा फोनची नव्हती, त्यांच्या मनाचीही नव्हती. चौलकरांना वाईट वाटू नये म्हणून केली होती, आणि ते चौलकरांना कळलं होतं.

चहा होईपर्यंत एस.टी.ची वेळ झाली. मी चपला घालून अंगणात आले. चौलकर पाठमोरे उभे होते, चष्मा हातात. म्हणाले, "शुभा, तू पुढे हो. मी जरा थांबतो. फोन नीट लावून देतो त्यांना."

फोन तर मघाशीच लागला होता.  त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही; पुढे मीही पनवेल सोडलं. त्या दिवशी वळणावरून मागे पाहिलं तेव्हा दोघं ओटीवर बसली होती, मधे तो फोन, आणि दोघंही त्याच्याकडे बघत होती.